सकाळी पंप घेतला का? – पीएफटी म्हणजे फुप्फुसांच्या तपासणीचा माझा अनुभव

माझं वय 46. तंबाखू-सिगारेट कधी नाही, पण अर्धं आयुष्य पऱ्हाट्यांच्या चुलीपुढं गेलं. दोन महिने कोरडा खोकला हटेना, म्हणून परभणीतल्या आमच्या डॉक्टरांनी श्वासाचा पंप (इनहेलर) दिला आणि रक्ताची सीआरपी तपासणी करायला लावली. 6.8 आला. अंगात कुठंतरी दाह आहे एवढंच त्यावरून कळतं, कुठं ते नाही. माझी तर दाढ सुजलेली होती. ती निस्तरून तीन आठवड्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं. 0.46! येताना पेढे घेऊन आले. डॉक्टर रिपोर्ट बघून हसले. पहिला आकडा मिलिग्रॅम प्रति लिटर, दुसरा प्रति डेसिलिटर. दहानं गुणायचं, म्हणजे 4.6. पेढे तोवर संपले होते.

मग पीएफटी. डॉक्टर म्हणाले, अमेरिकेत 1985-86 पासून चार शहरांतली 18 ते 30 वयाची पाच हजारांवर माणसं वर्षानुवर्षं तपासत आलेत. तरुणपणी ज्यांच्या रक्तात सीआरपी, फायब्रिनोजेन ही दाह दाखवणारी द्रव्यं जास्त होती, त्यांच्या फुप्फुसांची ताकद पुढं मध्यमवयात जास्त घटलेली दिसली. "सीआरपीनंच फुप्फुस बिघडतं असं नाही. पण तुम्ही धूर खाल्लाय, बघून घेऊ."

बघायला संभाजीनगरला जावं लागलं, आणि तिथं एका खिडकीनं माझा जीव खाल्ला. पहिल्या दिवशी मशीन बंद. फोन उचलला असता तर परभणीतच कळलं असतं. दुसऱ्या खेपेला पहाटे उठून गाडी पकडली, चिठ्ठी काढली, दोन तास बाकावर बसले. नंबर आला. आतल्या पोरीनं विचारलं, "ताई, सकाळी पंप घेतला का?"

"घेतला की. रोज घेते."

"मग आज नाही होणार."

पंप घेतला की श्वासनळ्या आधीच मोकळ्या होतात, मग मशीनला अडथळा दिसणार कसा? कारण बरोबरच आहे. पण चिठ्ठी देताना विचारायला काय झालं होतं? खिडकीवरचा म्हणाला, "तिकडं बोर्ड लावलाय." बोर्ड होता, उघड्या दाराच्या मागं. मी दार लोटून फोटो काढला, तर म्हणे फोटो काढायला मनाई आहे.

तुमचा पंप किती तास आधी थांबवायचा ते डॉक्टरांनाच विचारा, प्रत्येकाचं वेगळं असतं. मनानं बंद करू नका.

तिसऱ्यांदा झालं. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, आणि ती पोरगी ओरडतेय, "फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!" सहा सेकंद म्हणजे किती ते तेव्हा कळतं. नीट तीन फुंका जमेपर्यंत मी सात मारल्या. मग पंप देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच. हो, साडी सैल नेसा आणि पोटभर जेवून जाऊ नका. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर आधी सांगा.

अडथळा निघाला नाही, पण एकूण हवा थोडी कमी भरते. एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा स्कॅन, परभणीतच दहा मिनिटांत झाला. खालच्या बाजूला पुसट खुणा आहेत, वर्षभरानं पुन्हा फुंकून बघायचं.

तीन किरकोळ रजा गेल्या. शेवटच्या अर्जात कारण लिहिलं, 'फुंकणे'. मुख्याध्यापकांनी खोडून 'वैद्यकीय' केलं.