६० दिवसांतले १९ गेले

कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीतून, म्हणजे गुणांवर निवड करणाऱ्या योजनेतून, पीआरसाठी (तिथे कायम राहण्याच्या परवानगीसाठी) अर्ज करायचं आमंत्रण आलंय. अर्ज भरायला ६० दिवस मिळतात. त्यातले १९ मी नुसता मेल उघडून बंद करण्यात घालवले. "पुढच्या वर्षी बघू" म्हणायचीही सोय नाही, कारण तिशी लागली की वयाचे गुण दरवर्षी कमी होत जातात.

आज संध्याकाळी आईला घेऊन बडोद्याच्या दांडिया बाजारात गेलो होतो. येताना ती म्हणाली, जरा सुरसागर तळ्यापाशी बसू. बराच वेळ पाण्याकडे बघत बसली आणि मग पणजोबांची गोष्ट काढली. साताऱ्याहून गायकवाड सरकारच्या नोकरीसाठी आले, वर्षभराने परत जाऊ म्हणाले, आणि इथेच राहिले. खरं तर बडोद्यात आपल्यापैकी मूळचं कोण आहे? सयाजीराव महाराजसुद्धा १८७५ साली नाशिककडच्या कवळाण्याहून, बारा वर्षांचे असताना इथे आले.

पण पणजोबा पत्नीला, आईवडिलांना घेऊन आले होते. मी एकटा जाणार. बाबांचा गुडघा, आईचं बीपी, रात्री दाराची कडी कोण बघणार, हेच डोक्यात फिरतंय.

उठताना आई म्हणाली, "जायचं तर जा रे. पण राहिलास, तर आमच्यासाठी राहिलो असं कधी म्हणू नकोस."

घरी येऊन अर्ज उघडलाय. पहिलं पान भरलं. बाबा शेजारच्या खोलीत बातम्या बघताहेत, आज आवाज नेहमीपेक्षा बारीक ठेवलाय त्यांनी.