ग्राफिक्स कार्ड आहे, पण बॉइंकला दिसत नाही: ड्रायव्हर उपटण्याआधी काय बघायचं

बॉइंक म्हणजे आपल्या कॉम्प्युटरची ताकद संशोधनाच्या प्रोजेक्टना देणारा प्रोग्राम; प्रोजेक्ट कामाचे तुकडे, म्हणजे टास्क, पाठवतात आणि आपलं मशीन ते सोडवतं. बॉइंक सुरू केलं आणि इव्हेंट लॉगमध्ये 'नो यूजेबल जीपीयूज फाउंड' (वापरता येईल असं ग्राफिक्स कार्ड सापडलं नाही) अशी ओळ आली की पहिला हात ड्रायव्हरवर पडतो. जुना काढायचा, साताठशे एमबीचा नवा उतरवायचा, टाकायचा, रीस्टार्ट. कधी जमून जातं, पण का जमलं ते कळत नाही, म्हणून पुढच्या अपडेटला पुन्हा तीच कसरत. माझं म्हणणं एवढंच आहे: आधी लॉग वाचा, नक्की कुठला थर तुटलाय ते शोधा आणि तेवढाच दुरुस्त करा.

थर असे. सगळ्यात खाली कर्नलमधलं (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातलं) मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा तो भाग जो थेट कार्डाशी बोलतो. त्यावर कुडा (फक्त एनव्हिडियाची) किंवा ओपनसीएल (सगळ्या कंपन्यांच्या कार्डांना चालणारी), म्हणजे कार्डाकडून गणना करून घेणारी लायब्ररी. त्यावर, बॉइंक ज्या युजरच्या नावाने चालतं त्याला कार्ड वापरायची परवानगी. आणि सगळ्यात वर प्रोजेक्टचं स्वतःचं ॲप्लिकेशन. स्क्रीनवर चित्र येतंय, गेम चालतोय, यावरून फार तर पहिला थर ठीक आहे एवढंच सिद्ध होतं.

बॉइंक मॅनेजरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ई दाबलं की इव्हेंट लॉग उघडतो. अगदी वर जा, सुरुवातीच्या तीसेक ओळी बघा. एनव्हिडियाचं कार्ड नीट असेल तर तिथे दोन वेगळ्या ओळी दिसायला हव्यात. एक 'कुडा'ने सुरू होणारी, त्यात कार्डाचं नाव, ड्रायव्हरची आवृत्ती, कुडाची आवृत्ती, कॉम्प्युट केपेबिलिटी आणि मेमरी. उदाहरणार्थ जीटीएक्स १०५० टीआय असेल तर ६.१ आणि ४ जीबी. दुसरी 'ओपनसीएल'ने सुरू होणारी, तेच कार्ड पुन्हा. पहिली आहे आणि दुसरी नाही, तर मॉड्यूल ठीक आहे, ओपनसीएलची लायब्ररी तेवढी गायब आहे. अशा वेळी आइन्स्टाइन ॲट होमसारख्या प्रोजेक्टचं ओपनसीएलवर चालणारं काम मिळणार नाही, पण फक्त कुडा लागणारं काम चालत राहील. म्हणून मग 'एक प्रोजेक्ट चालतो, दुसरा नाही' असं कोडं पडतं. दोन्ही ओळी नाहीत, तर खालून तपासायला लागा. एएमडी आणि इंटेलच्या कार्डांना कुडाची ओळ येणारच नाही. त्यांचं सगळं ओपनसीएलवर.

विंडोजवर आधी डिव्हाइस मॅनेजर उघडा. डिस्प्ले ॲडाप्टर्सखाली 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर' दिसलं तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. कार्डाचं नाव दिसत असूनही ओपनसीएल नसेल, तर विंडोज अपडेटने परस्पर स्वतःकडचा ड्रायव्हर टाकल्याची शक्यता तपासा; त्यात गणनेच्या लायब्ररी नसल्याचे प्रकार घडलेले आहेत. इथे मात्र ड्रायव्हर पूर्ण काढणं रास्त आहे, पण क्रम महत्त्वाचा. कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर आणि जुना मुळापासून काढणारा डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हा वेगळा प्रोग्राम, दोन्ही आधीच उतरवून ठेवा. मग वाय-फाय बंद करा किंवा केबल काढा. नेट चालू राहिलं तर जुना ड्रायव्हर निघाल्यावर रिकामी जागा बघून विंडोज पुन्हा स्वतःचाच ड्रायव्हर भरतं आणि सगळी मेहनत वाया. सेफ मोडमध्ये जाऊन जुना काढा, रीस्टार्ट करा, नवा टाकताना क्लीन इन्स्टॉलेशनची खूण करा, आणि शेवटी नेट जोडा.

ड्रायव्हर चोख असूनही कार्ड न दिसण्याची विंडोजवर आणखी दोन कारणं आहेत आणि ती सहज निसटतात. बॉइंक सर्व्हिस म्हणून (लॉगिन न करताही मागे चालणारं) बसवलं असेल तर ते वेगळ्या सेशनमध्ये चालतं आणि तिथून त्याला कार्ड वापरता येत नाही. बॉइंकचा इन्स्टॉलर पुन्हा चालवा, ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन सर्व्हिसची खूण काढा, झालं. चालू टास्क जात नाहीत. दुसरं कारण रिमोट डेस्कटॉप. ऑफिसातून घरच्या मशीनवर रिमोट डेस्कटॉपने शिरून बॉइंक सुरू केलं, तर त्याला खऱ्या कार्डाऐवजी रिमोटचा डिस्प्ले दिसू शकतो. जुन्या विंडोजवर हे हमखास होतं. त्यापेक्षा बॉइंक मॅनेजरच दुसऱ्या मशीनवरून जोडा, त्याची सोय आहे: पोर्ट ३१४१६ आणि पासवर्डची फाइल. मात्र हे पोर्ट घरच्या नेटवर्कपुरतंच ठेवा, राउटरवरून बाहेर उघडू नका.

लिनक्सवर टर्मिनलमध्ये 'एनव्हिडिया-एसएमआय' (कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड) चालवा. तक्ता आला तर मॉड्यूल ठीक. 'ड्रायव्हर-लायब्ररी व्हर्जन मिसमॅच' आलं तर काहीही पुन्हा टाकू नका. रात्री आपोआप अपडेट झाला, लायब्ररी नवी आली, पण मेमरीत मॉड्यूल जुनंच राहिलं, एवढाच त्याचा अर्थ. रीस्टार्ट केलं की जुळतं. 'ड्रायव्हरशी संपर्क होत नाही' अशा आशयाचा संदेश आला तर 'डीकेएमएस स्टेटस' (प्रत्येक कर्नलसाठी मॉड्यूल बनवणाऱ्या व्यवस्थेची कमांड) बघा: नव्या कर्नलसाठी मॉड्यूल बनलंच नाही का? बहुतेक वेळा त्या कर्नलचे हेडर्स (मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या फाइली) बसवायचे राहिलेले असतात. मॉड्यूल बनलंय पण लोड होत नाही, तर सिक्युअर बूट या सुरक्षा-सेटिंगचा संशय घ्या. सही न केलेलं मॉड्यूल तिथे अडवलं जातं. पॅकेजच्या नावात शेवटी 'ओपन' आहे का तेही पाहा. एनव्हिडियाची खुली मॉड्यूल्स ट्युरिंग पिढीच्या (जीटीएक्स १६, आरटीएक्स २०) आणि त्यापुढच्याच कार्डांना चालतात. जीटीएक्स १०५० किंवा १०६० ला ते पॅकेज टाकलं तर कार्ड मृत वाटेल, आणि उलट आरटीएक्स ५० मालिकेला खुलं मॉड्यूलच लागतं.

तक्ता नीट येतोय तरी बॉइंकला कार्ड दिसत नाही, हा प्रकार सगळ्यात जास्त छळतो. इथे सावकाश बघा. बॉइंक तुमच्या नावाने नाही, 'बॉइंक' नावाच्या वेगळ्या युजरने चालतं. त्याला 'व्हिडिओ' आणि 'रेंडर' या दोन्ही ग्रुपमध्ये घाला आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करा. एएमडी आणि इंटेलसाठी तर रेंडर ग्रुपशिवाय गत्यंतर नाही. मॉनिटर न जोडलेल्या मशीनवर आणखी एक पेच असतो. गणनेसाठी 'एनव्हिडिया-यूव्हीएम' हे डिव्हाइस लागतं, ते कोणीतरी मागितल्यावरच तयार होतं, आणि बॉइंक युजरला ते तयार करायचा अधिकार नसतो. 'एनव्हिडिया-मॉडप्रोब' हे छोटं पॅकेज टाकलं की प्रश्न मिटतो. यानंतर 'सीएल-इन्फो' (ओपनसीएलला काय दिसतंय ते सांगणारी कमांड) चालवा, पण बॉइंक युजरच्या नावाने. तुमच्या नावाने चालवून कार्ड दिसलं तर त्यातून बॉइंकबद्दल काहीच कळत नाही. प्लॅटफॉर्मची संख्या शून्य आली तर ओपनसीएलचं पॅकेज राहिलंय.

मुंबईत वीज फारशी जात नाही, पण सोसायटीच्या मीटर रूममध्ये काम निघालं की जाते. आल्यावर मशीन आपोआप सुरू होतं आणि बॉइंक ड्रायव्हरच्या आधी जागं होतं. बॉइंक कार्ड शोधतं ते फक्त सुरू होताना. तेव्हा सापडलं नाही तर पुढे दिवसभर फक्त प्रोसेसरवरची कामं. सर्व्हिसच्या सेटिंगमध्ये सुरू होण्याआधी ३० सेकंद थांबायची ओळ घाला.

आता जुन्या कार्डांबद्दल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळणाऱ्या जीटी ७१० ला ४७० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका. जीटी ७३० घेताना तर जास्तच जपा: एकाच नावाखाली दोन वेगळ्या चिप विकल्या गेल्या. ३८४ कोअरचं कार्ड केप्लर पिढीचं, त्याला ४७०. ९६ कोअरचं त्याहून जुन्या फर्मी पिढीचं, त्याला ३९० वर थांबावं लागतं आणि आजचे बहुतेक प्रोजेक्ट त्याला काम देत नाहीत. जीपीयू-झेड या विंडोजवरच्या प्रोग्राममध्ये कोअरची संख्या दिसते, दुकानातच तपासा. ७५० टीआय, जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांसाठी ५८० ही शेवटची. नवी दिसते म्हणून पुढची टाकली की कार्ड ओळखलंच जाणार नाही. आरएक्स ५७० आणि ५८० सेकंडहँड घेत असाल तर ती मायनिंगमधून आली असण्याची शक्यता धरून चाला. त्यांचं बायॉस (कार्डावरच साठवलेला मूळ प्रोग्राम) बऱ्याचदा मेमरीचे टायमिंग बदलून लिहिलेलं असतं. विंडोजवर अशा कार्डाला डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'कोड ४३' हा एरर येतो, किंवा ड्रायव्हर बसतो पण टास्क चुकत राहतात. मूळ बायॉस परत लिहिणं हाच उपाय, ड्रायव्हर दहा वेळा बदलून उपयोग नाही.

कार्ड दिसतंय, टास्क सुरू होतात आणि मध्येच 'कॉम्प्युटेशन एरर', तर टास्कच्या पानावरचा एरर आउटपुट वाचा. ओपनसीएलचा उणे १००१ म्हणजे लायब्ररीच सापडली नाही. उणे ४ म्हणजे कार्डाच्या मेमरीत जागा नाही. ब्राउझर बंद करा, एका कार्डावर दोन टास्क लावल्या असतील तर एकच ठेवा. उणे ५ आणि उणे ३६ दिसले तर बऱ्याचदा मधेच ड्रायव्हर रीसेट झालेला असतो. विंडोज कार्डाच्या उत्तराची २ सेकंद वाट पाहतं आणि मग ड्रायव्हर रीसेट करतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद सापडते. लहान कार्डावर मोठं काम आलं तर २ सेकंद पुरत नाहीत. रजिस्ट्रीत ग्राफिक्स ड्रायव्हर्सच्या कीखाली 'टीडीआर-डिले' हे मूल्य ८ किंवा १० करून रीस्टार्ट करा. पण त्याआधी ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा वाढवलेला वेग) काढा, कारखान्यातून आलेलं असलं तरी. गेममध्ये एखादा पिक्सेल चुकला तर पुढच्या फ्रेमला पुसला जातो. गणनेत चुकलेला आकडा पुढच्या प्रत्येक पायरीत शिरतो. फोल्डिंग ॲट होम या बॉइंकबाहेरच्या प्रोजेक्टमध्ये 'पार्टिकल कोऑर्डिनेट इज नॅन' (गणनेतला आकडा आकडाच राहिला नाही) असा एरर येतो तो बऱ्याचदा याचाच परिणाम. मेमरीचा वेग शंभर-दोनशे मेगाहर्ट्झने उतरवून बघा.

लिनक्सवर कर्नल लॉगमध्ये 'एक्सआयडी', म्हणजे एनव्हिडिया ड्रायव्हरचा एरर-क्रमांक, शोधा. १३ किंवा ३१ आला तर ॲप्लिकेशन किंवा अस्थिर मेमरी. ७९ म्हणजे कार्ड बसवरूनच गळून पडलं. हा ड्रायव्हरचा दोष क्वचितच असतो. वीजपुरवठा, स्लॉट, उष्णता, या क्रमाने बघा. ८-पिनची जोडणी १५० वॉटची असते, तिथे मोलेक्सवरून (जुन्या ४-पिन जोडणीवरून) काढलेला जुगाड लावू नका. समुद्राच्या हवेत कार्डाच्या सोनेरी पट्टीवर थर चढतो; आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. खोडरबराने मुलामा झिजतो.

मे महिन्यात बंद खोलीत १७० वॉटचं आरटीएक्स ३०६० पूर्ण जोरात चालवू नका. 'एनव्हिडिया-एसएमआय'ला मर्यादा देऊन १३० वॉटवर आणा. वेगात होणारी घट वीजबचतीच्या मानाने कमी असते. चोवीस तास चालवलं तर महिन्याला साधारण १२२ ऐवजी ९४ युनिट, आणि १००, ३००, ५०० युनिटांच्या स्लॅबमध्ये हा फरक बिलात नीट दिसतो. ही मर्यादा रीस्टार्टनंतर पुसली जाते, म्हणून सुरू होताना लागेल अशी सोय करा.

दुरुस्तीच्या काळात प्रोजेक्टला 'नो न्यू टास्क्स' करून ठेवा, ही कळकळीची विनंती. बिघडलेलं कार्ड काही सेकंदांत एक टास्क नापास करतं आणि लगेच दुसरी मागतं. नापास झालेली प्रत्येक टास्क दुसऱ्या कुणाच्या मशीनवर पुन्हा पाठवावी लागते, आणि वाट बघणारा संशोधक आणखी थांबतो. सर्व्हर मग तुमचा रोजचा कोटा कमी करत नेतो, अगदी दिवसाला एक टास्कपर्यंत. म्हणून सगळं ठीक केल्यावरही सुरुवातीला कामं थेंबथेंब येतात. तो ड्रायव्हरचा दोष नाही, पुन्हा काही उपटू नका. बरोबर निकाल जात राहिले की कोटा भराभर वाढतो.

एकदा नीट चालू लागलं की ती आवृत्ती लिहून ठेवा आणि उबंटूवर ते पॅकेज 'होल्ड' करा, म्हणजे ते आपोआप अपडेट होणार नाही. पुढचा ड्रायव्हर टाकायची वेळ आली तर आधी 'नो न्यू टास्क्स', हातातल्या टास्क पूर्ण होऊन अपलोड होऊ द्या, बॉइंक बंद करा आणि मगच इन्स्टॉलर चालवा. चालू टास्कच्या खालून ड्रायव्हर काढला तर ती टास्क गेलीच.