पंखा हवा थंड करते का?

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला. स्नेहसंमेलन, कबड्डी आणि छड्या यांवर बाकीचे लिहितीलच. मी घामावर लिहितो. आमच्या विज्ञानाच्या सरांचा तो लाडका विषय. चंद्रपूरच्या शाळेत तो नसता तरच नवल.

एप्रिलातली सकाळची शाळा, सुटायला आलेली. डोक्यावर पत्रे. सरांनी विचारलं, "कारे पोट्टेहो, पंखा हवा थंड करते का?" सगळे ओरडलो, "हो सर!" सरांनी पंख्याखाली तापमापी ठेवली. पंखा बंद असताना 38 अंश, सुरू केल्यावरही 38च. मग तिच्या फुग्याला मलमलची ओली चिंधी गुंडाळली, तसा पारा घसरत 25च्याही खाली गेला. "चिंधीतलं पाणी उडते, जाताना उष्णता घेऊन जाते. तुमचा घाम दुसरं काय करते?"

शांत बसलेला माणूसही साधारण 100 वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे 60 पोरांचा आमचा वर्ग ही जवळपास 6000 वॅटची शेगडीच. एरवी यातली निम्म्याहून जास्त उष्णता कातडीवरून नुसत्या प्रारणाने जाते, थोडी अंगाला लागून जाणारी हवा नेते. पण कातडी असते 33-34 अंशांची. हवा 45 अंश आणि पत्रा त्याहून तापलेला असला, की उष्णता उलटी अंगात शिरते. उरतो फक्त घाम. एक लिटर घाम वाळला, तर सुमारे 580 किलोकॅलरी घेऊन जातो. टपकून पडलेला फुकट.

हे फुकट जाणं कळलं ते मुंबईत नोकरी लागल्यावर. "तुम्ही विदर्भातले, तुम्हाला कसला उकाडा?" असं सहकारी हसून विचारतात. अहो, तिकडे 45मध्ये डोक्याला दुपट्टा बांधून सायकल हाणली आहे. इथे 34मध्ये लोकलमधून उतरलो की शर्ट पिळावा लागतो. दमट हवेत घाम उडतच नाही. हौसेने घेतलेल्या कूलरने तर खोली आणखी ओली केली. उष्णतेच्या लाटेसाठी हवामान खात्याची किमान अट मैदानी भागात 40 अंश आणि किनारपट्टीवर 37च आहे, ती उगाच नाही.

नव्या इमारतीचे फोटो पाहिले. छान आहे. पण स्लॅबही तापतो आणि ऊन उतरल्यावरही खाली उष्णता फेकत राहतो. मार्च संपायच्या आत गच्चीला चुन्याचे दोन हात मारून घ्या. खर्च आमच्या बॅचकडे.