बोरी नदी ते उमरगा : १९४८ च्या वाटेवरून

आमच्या लातूरकडे जुनी माणसे वर्ष आकड्यात सांगत नसत. कोणाचा जन्म ‘ॲक्शनच्या आधीचा’ असे, तर कोणाचे लग्न ‘ॲक्शनच्या दुसऱ्या साली’ झालेले असे. ही ‘ॲक्शन’ म्हणजे सप्टेंबर १९४८ मध्ये भारताने निजामाच्या हैदराबाद संस्थानावर केलेली पोलीस कारवाई, हे मला शाळेत कळले; पण ती ज्या रस्त्याने आली, तो रस्ता त्या दृष्टीने मी कधी पाहिला नव्हता. म्हणून गेल्या १६ सप्टेंबरला सोलापुरातून सकाळीच हैदराबाद रस्त्याला लागलो.

बोरामणी मागे पडल्यावर थोड्याच वेळात धाराशिव जिल्हा सुरू होतो. आज तेथे नुसती एक पाटी आहे. १९४८ मध्ये मात्र येथे राज्य बदलत होते, करोडगिरीचे म्हणजे जकातीचे नाके होते आणि कलदार रुपयाऐवजी निजामाचा हाली सिक्का चालत होता. १५ ऑगस्ट १९४७ ला सोलापुरात तिरंगा लागला, तेव्हा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरच्या नळदुर्गात तो लावणे हा गुन्हा होता. भारताशी झालेल्या २९ नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ कराराने निजामाला एक वर्षाची मुदत मिळाली आणि त्या मुदतीत, लातुरात वकिली केलेल्या कासिम रझवीच्या रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, गावोगाव धुमाकूळ घातला. त्यामुळे देशाचे १९४८ आणि मराठवाड्याचे १९४८ ही मला नेहमी दोन वेगळी वर्षे वाटत आली आहेत. ३० जानेवारीला दिल्लीत गांधीजींची हत्या झाली, त्याच दिवशी नांदेडकडील उमरी येथे मुक्तिसंग्रामाच्या कार्यकर्त्यांनी लढ्याच्या निधीसाठी बँक लुटली होती. जूनमध्ये माउंटबॅटन मायदेशी परतले आणि राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल झाले; पण आमच्या सीमेवरच्या गावांना त्या उन्हाळ्यात घोर होता तो रात्र कशी निघेल याचा.

नळदुर्गला पाऊस भुरभुरत होता. किल्ल्यात बोरी नदीला बांध घालून त्याच्या पोटात बांधलेला आदिलशाही पाणीमहाल पाहण्यासाठीच लोक येतात, आणि पाणी भरून वाहत असेल तर नर-मादी धबधब्यांपुढून पाय निघत नाही हे खरे आहे. मी मात्र उपळ्या बुरुजावर चढलो, कारण तेथून नदी, गाव आणि रस्ता यांचा मेळ एका नजरेत लक्षात येतो. काळ्या रानातून, सप्टेंबरच्या पावसात, जड गाड्या घेऊन जाणाऱ्या फौजेला पक्क्या रस्त्यावाचून गती नव्हती, आणि त्या रस्त्याची नाडी बोरीवरील पुलात होती. १३ सप्टेंबरच्या पहाटे भारतीय सैन्याच्या ७ व्या ब्रिगेडने तो पूल उडवला जाण्यापूर्वीच ताब्यात घेतला आणि पुढे शीख पलटणीने नळदुर्गातील निजामी फौजेवर हल्ला केला. त्याच पहाटे दुसरी तुकडी तुळजापुरात शिरली; तेथे रझाकार आणि निजामी पायदळ दोन तास लढले. तिची पुढची लोहाऱ्याकडील वाट मात्र पूर आलेल्या नदीने अडवली. पुलाचे मोल काय होते, हे त्यावरून कळते.

नळदुर्गहून जळकोट नऊ किलोमीटर आहे. चिलखती गाड्या तेथे सकाळी नऊला पोहोचल्या होत्या. एका हॉटेलात चहा घेताना मी विषय काढला, तेव्हा मालकाने मला मागच्या अंगणात आपल्या आजीकडे नेले. आजींना तेव्हाचे थोडेच आठवत होते.

“लई पाणी पडत होतं बघा. आईनं आम्हाला कडब्याच्या गंजीआड बसविलं. धडधड ऐकू आली, दिसलं काहीच न्हाई.”

मी “मग भीती गेली असेल,” असे म्हणालो. आजी जरा थांबल्या.

“आमची गेली, लेकरा. शेजारच्या मोमीनाच्या घरात शिरली. माझ्यासंगं काचकवड्या खेळायची त्यांची पोर. एका रातीत घर बंद झालं, ते पुन्हा उघडलं न्हाई.”

मुक्तिदिनाच्या भाषणांत हे घर येत नाही. कारवाईनंतर भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थानात फिरून अहवाल दिला. कारवाईच्या काळात आणि त्यानंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. मृतांत मुस्लिमांची संख्या फार मोठी होती आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद (आताचे धाराशिव) आणि नांदेड होते. हा अहवाल कित्येक दशके दडून राहिला. रझाकारांचे अत्याचार सांगताना ज्यांचा आवाज चढतो, त्यांनी, म्हणजे आम्हीच, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे, असे मला मनापासून वाटते.

दुपारी उमरग्याला पोहोचलो. १३ तारखेला सव्वातीनच्या सुमारास फौजेने रझाकारांचा प्रतिकार मोडून हे गाव घेतले, म्हणजे एका दिवसात ती एकसष्ट किलोमीटर आत आली होती. तेथून गुंजोटी जवळच आहे, आणि मुक्तिसंग्रामातील पहिले हुतात्मे मानले जाणारे वेदप्रकाश त्या गावचे, म्हणून संध्याकाळी तेथेही जाऊन आलो. पुढचा क्रम सर्वांना ठाऊक आहे: १७ च्या संध्याकाळी निजामाने युद्धबंदी जाहीर केली, १८ ला निजामाचे सेनापती जनरल अल इद्रूस यांनी भारतीय फौजेचे जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली आणि त्याच सुमारास मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगातून बाहेर आले.

१७ ला सकाळी उमरग्यातच ध्वजवंदन केले. परत निघताना जळकोटला पुन्हा थांबलो आणि त्या मुलीचे नाव विचारले. आजींनी ते लगेच सांगितले, आणि तिच्या आईचेही.