नुसतं 'दुखलं' लिहून भागत नाही

सोमवार, रात्री

वहीत 'आज दुखणं दहापैकी ७' एवढंच लिहिलं तर उद्या त्याचा काही उपयोग होत नाही. कोणतं दुखलं, तेही लिहायला हवं. गुडघ्याची झीज आणि फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखण्याचा जुनाट आजार) एकाच अंगात नांदत असतील तर एकाचा उपाय दुसऱ्याला बाधतो.

झिजेचं दुखणं जागा सोडत नाही. जिना उतरताना कळ येते, गुडघा वाकवताना करकरतो, सकाळी आखडलेला बहुधा अर्ध्या तासात मोकळा होतो. फायब्रोमायल्जिया अंगभर फिरतो: आज मान-खांदे, उद्या कंबर. आठ तास झोपूनही अंग ठेचल्यासारखं, शब्द ओठांवर येऊन अडतो. मज्जासंस्थाच वेदनेचा आवाज मोठा करून ठेवते, आणि त्यात गुडघ्याची वेदनाही वाढते. म्हणूनच 'एक्स-रेत एवढं काही नाही' हे वाक्य फार लागतं. दुखणं खरंच असतं.

गुडघ्याला आधार मांडीच्या स्नायूंचा. पाठीवर निजून एक गुडघा दुमडायचा, दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, पाच अंक मोजेपर्यंत धरायचा, सावकाश टेकवायचा. एरवी दहा वेळा सांगतात. इथे चारपासूनच सुरुवात बरी. घोळ होतो तो बऱ्या दिवशी. अंग हलकं वाटतं म्हणून वीसदा पाय उचलला जातो, शिवाय साचलेली कामंही उरकली जातात. फटका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बसतो. मग आठवडाभर अंथरूण, मांडी आणखी अशक्त आणि गुडघा पुन्हा उघडा पडतो. त्यामुळे दोन आठवडे तोच आकडा, मग एखाददुसरा वाढवायचा. वाईट दिवशी निम्मं करायचं, पण शून्य नको.

झोपेचा रकाना वेगळा हवा. रात्री गुडघा ठणकला की झोप मोडते आणि सकाळी सगळं अंग बोलतं. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांत उशी ठेवावी. गुडघ्याखाली रात्रभर उशी नको, तो वाकलेलाच आखडतो.

वेदनाशामक जेल गुडघ्याला उतार देतं, अंगभरच्या दुखण्याला नाही. सूज उतरवणाऱ्या गोळ्याही तिथे फारशा लागू पडत नाहीत. मनाने वाढवल्या तर पोट आणि मूत्रपिंडं भोगतात. गुडघा अचानक सुजून लाल, गरम झाला, ताप आला, तर वही मिटून त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.

उद्यासाठी: पाय उचलणं चार-चार. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात.