तुळशीपुढचा उचलता पूल

परसात छोट्या विजेच्या गाडीचे रूळ टाकले तेव्हा तुळशीचा विचारच केला नव्हता. 45 मिलिमीटर गेजचा (दोन रुळांमधलं अंतर) लूप विटांच्या कठड्यावरून, जमिनीपासून अडीच फुटांवर फिरतो. तुळशीकडची वाट ओलांडायला सागवानी फळीचा उचलता पूल केला. सकाळी आई तांब्या घेऊन आली की फळी उचलते. एकदा गाडी चालूच होती. इंजिन थेट शहाबादी फरशीवर. बफर तुटला, चिमणी वाकली. आई म्हणाली, "तुझ्या गाडीला ब्रेक नाहीत होय रे?"

जुन्या बाजारातून मोडक्या मायक्रोवेव्हच्या दाराचा मायक्रोस्विच, म्हणजे दाबलं की चालणारा छोटा स्विच, आणला. फळी उचलली की रिले (विजेने ओढला जाणारा स्विच) ओढला जाऊन इंजिनला रुळांतून मिळणारा करंट तुटेल, अशी जोडणी. महिनाभर झकास चाललं. मग पाऊस लागला, वायरीचा जोड हिरवा पडला आणि एके सकाळी फळी वर, रिले ढिम्म. पुन्हा फरशी.

नंतर डोक्यात आला खंडाळ्याचा घाट. मंकी हिल, ठाकूरवाडीला कॅच सायडिंग आहेत, म्हणजे ब्रेक सुटलेली गाडी अडवायचे फाटे. तिथला रूळ बदलणारा सांधा एरवी चढावरच्या आंधळ्या फाट्याकडेच लावलेला असतो. घाट उतरणारी गाडी आधी थांबते, मगच तिला पुढची वाट मिळते. मी नेमकं उलटं केलं होतं. धोका झाला तर वायरीने मला कळवायचं, आणि वायरच मेली होती.

रिले खणात टाकला. आता पुलाच्या दोन्ही बाजूंच्या रुळांना करंट त्या स्विचमधूनच जातो. फळी नीट बसली तरच स्विच दाबला जातो. जोड गंजला, मुंग्या शिरल्या, काहीही झालं तरी गाडी उभी. मात्र उताराच्या बाजूला असा करंट तुटणारा एक फुटाचा तुकडा पुरला नाही. चार डबे मागून रेटतात. खडूच्या खुणा करून पाहिलं तर इंजिन साडेतीन फूट घसरत होतं. तिकडे तो तुकडा पाच फुटांचा केला.

सप्लाय 12 व्होल्टचा आहे, त्याच्या वायरीत मोटारसायकलच्या इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घातलाय. आईचं खुरपं रुळांवर आडवं पडून शॉर्ट झालं की बल्ब लख्ख पेटतो आणि करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जात नाही. स्वस्तातली वस्तू, पण माझी सगळ्यात लाडकी.

एक खोट उरली आहे. फळी बसताच इंजिन उसळी मारून सुटतं, आणि आईचा हात अजून तिथेच असतो. बटण दाबल्याशिवाय सुटू नये म्हणून खणातला रिले पुन्हा बाहेर काढलाय.