न्यूट्रल सुटला आणि अख्खा फेस्टिव्हल गप्प

साऊंडच्या धंद्यात इतकी वर्षं झाली तरी लोकांना वाटतं की आमचं काम म्हणजे माईक चेक वन टू आणि मग खुर्चीत बसून गाणी ऐकणं. शहराच्या मधोमध रस्ते बंद करून जे फुकटचे म्युझिक आणि फूड फेस्टिव्हल होतात ना, तिथे एक दिवस कन्सोलमागे, म्हणजे आवाज मिक्स करायच्या टेबलामागे, येऊन उभे राहा. एका टोकाला स्टेज, तिथून लांबच लांब स्टॉलची रांग, तिकीट नाही, गेट नाही, माणसं चारी बाजूंनी येणार, दोन गाणी ऐकणार, खायला जाणार, परत येणार. हॉलमधला प्रेक्षक तुमच्यासाठी आलेला असतो, इथला तर निम्मा भुकेसाठी आलेला असतो आणि मला ते जाम आवडतं खरं सांगायचं तर, कारण बोअर झालं की माणूस सरळ उठून जातो, उगाच टाळ्या वाजवत नाही.

पण सेटअप डोकं खातो. स्टेजपासून ५० मीटरवर मागच्या लोकांसाठी वेगळे स्पीकर लावले की त्यांना डिले द्यावा लागतो, आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो म्हणजे ५० मीटरला जवळपास १४६ मिलिसेकंद, तेवढं थांबवून मागचा स्पीकर वाजवला नाही तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. सबवूफर (खोल धडधडीचे मोठे स्पीकर) असे लावायचे की मागे आणि बाजूला धडधड कमी जाईल, कारण स्टॉलवाल्याला गिऱ्हाईकाची ऑर्डर ऐकू आली पाहिजे. न्यूट्रल सुटला त्या दिवशी हे सगळं सकाळीच करून झालं होतं, साऊंड चेक मस्त झाला, दुपारचे दोन ग्रुपही झकास झाले.

लाईटीचं मात्र मला सकाळपासूनच पटत नव्हतं. एकच १२५ केव्हीएचा डीजी (डिझेल जनरेटर), त्यावरून एक मेन पॅनल, तिथून एक लाईन स्टेजला आणि बाकीच्या स्टॉलना. स्टेजकडचं वायरिंग आमच्या माणसांनी केलेलं, स्टॉलकडचं मांडववाल्याच्या इलेक्ट्रिशियनने, आणि मधलं ते पॅनल? ते कोणाचंच नाही. आम्हाला वाटतं त्यांनी बघितलं असेल, त्यांना वाटतं साऊंडवाले बघतील. वर स्टॉलवाल्यांनी फॉर्मवर लोड लिहिलेला 'दोन बल्ब, एक पंखा' आणि येताना घेऊन आले ३ किलोवॅटचे फ्रायर. एक फ्रायर म्हणजे १३ अँपियर, तिथेच १६चं सॉकेट संपलं! गॅसवाले स्टॉल पुढे, त्यांचे फक्त दिवे, पंखे आणि एखादा फ्रीज, ते आमच्याबरोबर आर फेजवर (लाईनच्या तीन जिवंत वायरी म्हणजे तीन फेज, त्यांची नावं आर, वाय आणि बी). फ्रायर, हॉटप्लेट, फ्रीज असले सगळे राक्षस वाय आणि बी वर. मी आयोजकांच्या माणसाला म्हणलं की हे वाटून घ्या जरा, तो म्हणाला हो हो करतो, आणि गेला तो गेलाच.

ऊन उतरल्यावर गर्दी वाढली. तेवढ्यात मागच्या एका स्टॉलच्या ताई तरातरा चालत कन्सोलपाशी आल्या, हातात झारा तसाच. "ओ साऊंडवाले दादा, तुमच्या त्या भोंग्यांनी आमची सगळी लाईट खाल्लीय, तेल तापेना आमचं, रांग बघा केवढी लागलीय." मी म्हणलं ताई आमचा ग्रुप आत्ताच संपलाय, पुढचा चढतोय, आत्ता आम्ही काही खातच नाहीयोत. त्यांना ते पटलं नाही. पण माझ्या डोक्यात खटकलं, कारण व्होल्टेज २३०चं २०० झालं तर फ्रायरची ताकद चौथा हिस्सा कमी होते, म्हणजे बाईंचं बरोबर होतं. फक्त खाणारा कोण ते चुकीचं होतं.

मी मान वळवली तर कन्सोलखालचा यूपीएस टिक-टिक करत होता. व्होल्टेज वर-खाली झालं की त्याच्या आतला रिले असा वाजतो, एरवी दिवसातून एखाद्या वेळी ऐकू येतो, आता मात्र थांबतच नव्हता. त्याच वेळी पुढच्या स्टॉलवरचा टेबलफॅन दिसला. असा घरघरत होता की जाळी थरथरतेय, समोरचे कागदी नॅपकिन उडून चाललेत, स्टॉलवाला पोरगा एका हाताने नॅपकिन दाबतोय आणि हसतोय. वरचा हॅलोजन पांढराफटक. आणि मागच्या टोकाचे हॅलोजन पिवळे, मरगळलेले. एकीकडे पंखा पळतोय, दुसरीकडे तेल तापत नाही. हे एकत्र दिसलं की ओव्हरलोडबिरलोड काही शोधत बसायचं नाही, न्यूट्रल गेला!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तीन फेजमध्ये जो करंटचा हिशोब जुळत नाही तो न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या वायरमधून, परत जातो. तोच ढिला झाला की तिन्ही फेजचं व्होल्टेज आपापल्या लोडप्रमाणे सरकतं, जिथे लोड जास्त तिथे पडतं, जिथे कमी तिथे चढतं, आणि अगदी वाईट वेळ आली तर २३०च्या जागी ३०० च्या वर. एमसीबी पडत नाही कारण करंट जास्त गेलेलाच नसतो. आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती पकडणारा स्विच, तो पण गप्प, कारण लीकेज नाही. म्हणजे सगळी सेफ्टी जागच्या जागी आणि सामान जळतंय.

आमच्या आर फेजला मीटर लावला. २६१ व्होल्ट. परत बघितलं, २७४. स्टेजवर सिंथवाला (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड वाजवणारा) प्लग लावायला वाकलेला, त्याला ओरडून थांबवलं.

आता अशा वेळी पहिला झटका येतो की पळत जाऊन मेन पाडावा. पण समोर हजारो माणसं, त्यातली बरीच पोरंबाळं घेऊन, हातात गरम खाणं, आणि एकदम अंधार आणि शांतता झाली की गर्दी काय करेल सांगता येत नाही. आधी माईक. निवेदिकेच्या कानात सांगितलं, ती बाई खरंच हुशार, एका वाक्यात बोलली, "आपण दहा-पंधरा मिनिटं स्टेज आणि स्टॉलची लाईट बंद करतोय, रस्त्यावरचे दिवे चालू राहतील, जिथे आहात तिथेच आरामात थांबा, स्टॉलवाल्यांनी फ्रायर आणि फ्रीजचे स्विच आत्ताच बंद करा." रस्त्यावरचे दिवे पालिकेच्या लाईनवर होते म्हणून बरं. तोवर मी सगळं म्यूट केलं, अँप बंद केले (आधी अँप, मग बाकीचं, नाहीतर स्पीकरमधून असा धप्प आवाज येतो की लोकांना स्फोट झाल्यासारखं वाटेल) आणि माझ्या असिस्टंटने पॅनलचा मेन पाडला.

हे सगळं मिळून दोन मिनिटं पण लागली नसतील. तेवढ्यात आर फेजवरच्या दोन स्टॉलच्या दिव्यांच्या माळा गेल्या, एका फ्रीजचं कार्ड (आतला सर्किट बोर्ड) गेलं आणि कोणाचातरी चार्जर फुटला. आमचं कन्सोल यूपीएसमुळे वाचलं.

सिंथवाल्यांच्या नंतरचा ग्रुप होता ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, स्नेअर आणि एक मोठा बास ड्रम, म्हणजे लाईट लागतच नाही असलं सामान. त्यांचा ट्रम्पेटवाला मला म्हणाला, "काका, आम्ही खाली उतरून वाजवू का?" मी म्हणलं वाजवा, पण उभे राहू नका. ह्याला कारण आहे. माईकशिवायचा आवाज उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने पडतो, मग ऐकायला लोक जवळ सरकतात, मागचे अजून सरकतात, आणि चौरस मीटरला पाच-सहा माणसं झाली की माणूस स्वतःच्या मर्जीने हलू शकत नाही, धक्के लाटेसारखे जायला लागतात. म्हणून व्हॉलंटिअरना पुढे घातलं आणि ग्रुप चालता ठेवला, स्टेजकडून स्टॉलच्या रांगेतून शेवटपर्यंत आणि परत. दिवसभरात सगळ्यात मोठ्या टाळ्या त्यांनाच पडल्या, आणि त्यात माझा एक फेडरसुद्धा (कन्सोलवरची आवाज वाढवायची पट्टी) वर नव्हता, त्याचं थोडं वाईट पण वाटलं.

इकडे आम्ही पॅनल उघडलं. डीजी बंद करून, टेस्टर लावून, सगळं मेलंय याची खात्री करूनच. न्यूट्रल बारवरचा मोठा लग (केबलच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) काळाठिक्कर, केबलचं इन्सुलेशन तपकिरी होऊन भाजलेल्या प्लास्टिकचा वास, आणि बोल्ट चक्क बोटाने फिरत होता. स्प्रिंग वॉशर घातलाच नव्हता कोणी. त्यात आता सगळीकडे एलईडी, चार्जर, एसएमपीएस (इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लाय), ह्यांचा तिसरा हार्मोनिक, म्हणजे करंटमधला तिप्पट वेगाने डोलणारा भाग, न्यूट्रलमध्ये एकमेकाला मारत नाही, तिन्ही फेजची बेरीज होते, म्हणून फेज बॅलन्स दिसल्या तरी न्यूट्रल तापतो. तापला की ढिला होतो, ढिला झाला की अजून तापतो. मांडववाल्याचा इलेक्ट्रिशियन शेजारी उभा, बिचारा सारखं म्हणत होता "सकाळी घट्ट होता हो". असेलही. जळलेली केबल मागे कापली, नवा लग दाबून क्रिंप केला, बार घासला, वॉशर घालून आवळला, आणि झालीच आहे लाईट बंद तर तीन फ्रायर आर फेजवर घेतले, जे काम सकाळी पाच मिनिटांत झालं असतं.

डीजी चालू करून आधी लोड न देता तिन्ही फेज न्यूट्रलशी मोजल्या, २३१, २३०, २३२. मग एकेक स्टॉलचा एमसीबी वर, दर वेळी मीटरवर नजर. अँप सगळ्यात शेवटी. झारावाल्या ताई पुन्हा आल्या, आता त्यांना फ्रीजमधल्या सामानाची काळजी. मी सांगितलं की दार उघडलं नसेल तर अर्ध्या तासाने काही होत नाही, थर्मामीटर असेल तर आत ५ डिग्रीच्या आसपास आहे का बघा. त्यांच्याकडे थर्मामीटर होता! ६ दाखवत होता. माझ्याकडे असं बघितलं की जणू ती एक डिग्री मीच खाल्ली.

राहिलेले दोन ग्रुप थोडं कापून वाजले आणि वेळेत आटपलं, कारण परवानगीची वेळ संपली की कोणी ऐकून घेत नाही.

दोन दिवसांनी आयोजकांची मीटिंग. मांडववाला म्हणाला लोड स्टॉलवाल्यांनी खोटा लिहिला, स्टॉलवाले म्हणाले आम्हाला कोणी विचारलंच नाही, जळलेल्या फ्रीजकार्डाचे पैसे कोण देणार यावर तासभर गेला आणि शेवटी आयोजकांनी ते दिले. मी एवढंच म्हणलं की पुढच्या वेळी स्टेजला वेगळा छोटा डीजी द्या, मेन पॅनलवर ओव्हरव्होल्टेज रिले (व्होल्टेज चढलं की आपोआप लाईट तोडणारा) बसवा, आणि त्या पॅनलची जबाबदारी एकाच माणसावर कागदावर लिहून द्या, दर दोन तासांनी क्लॅम्प मीटरने (वायरला बाहेरून चिमट्यासारखा लावायचा मीटर) न्यूट्रलचा करंट बघायचा आणि वहीत लिहायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मग खजिनदार म्हणाले, "तो माणूस तुम्हीच व्हा ना, पण रेट जरा बघून लावा हां, आपला फेस्टिव्हल फुकट असतो."

कोटेशन पाठवलंय. पॅनलच्या माणसाचा दिवसाचा रेट त्यात वेगळ्या ओळीत टाकलाय, आणि बाकी काय हवं ते कापा पण ही ओळ कापली तर मी येत नाही असं फोनवर सांगून ठेवलंय.